९५ लिटरच्या फ्रिजभोवती कपाट: किती जागा सोडायची, प्लाय किती लागेल?

मनीषनगर_१बीएचके

नमस्कार मंडळी. किचनमध्ये जागा नाही म्हणून फ्रिज हॉलमध्ये आलाय. त्याच्याभोवती साठवणीचं कपाट करून घ्यायचं आहे. सगळी मापं मिलिमीटरमध्ये देतेय.

फ्रिज एका दाराचा, ९५ लिटर. रुंदी ४७५, उंची ८५०, खोली दारासकट ५१०. दार ५० जाड आहे, म्हणजे नुसता डबा ४६०. दाराचं बिजागर उजवीकडे.

भिंत ११०० रुंद. उजव्या हाताला खोलीचा कोपरा, डावीकडे खिडकी, आणि त्याच खिडकीत मार्चपासून कूलर. छत २९०० वर आहे, कपाट २१०० पर्यंत म्हणजे सात फूट हवं. फ्रिजच्या वर मायक्रोवेव्ह (४५० रुंद, ३४० खोल, २६० उंच, ११ किलो), त्याच्यावर बंद कप्पा आणि शेजारी किराण्याच्या डब्यांसाठी उभं कपाट.

मिस्त्री म्हणून राहिले की फ्रिजच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडू, मागून सहा एमएमचा प्लाय मारू आणि समोरूनही दार देऊ, म्हणजे फ्रिज दिसणारच नाही. आई म्हणते फ्रिज फूटभर वर उचला, वाकावं लागतं, खाली ड्रॉवर निघेल. मला दोन्हींबद्दल शंका आहे. प्लाय कोणता आणि किती शीट, हेही सांगा.

गारगार_सर्व्हिसवाला

ताई, काम सुरू झालं नसेल तर मिस्त्रींना आजच थांबवा. अर्धा इंच, मागून पॅक आणि समोर दार, या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर पहिल्याच मे महिन्यात फ्रिज बंद पडेल.

कारण सांगतो. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असायची, गरमी तिथून निघायची. आताच्या बहुतेक लहान फ्रिजमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून चिकटवलेली असते. कॉम्प्रेसर अर्धा तास चालल्यावर फ्रिजच्या दोन्ही बाजूंना तळहात लावून बघा. गरम लागल्या तर तुमचा फ्रिज त्याच जातीचा, आणि त्या दोन बाजू म्हणजेच त्याचा रेडिएटर. त्याला अर्ध्या इंचावर लाकूड लावलं तर मधली हवा हलत नाही, नुसती तापून बसते.

मग कॉम्प्रेसर कटऑफला जात नाही, सारखा चालूच राहतो. बिल वाढतं. वरच्या बर्फाच्या कप्प्यात बर्फ, पण खाली दूध नासतं. पुढची पायरी म्हणजे ओव्हरलोड ट्रिप होणं: दर चार-पाच मिनिटांनी मागून 'टक्' असा आवाज, कॉम्प्रेसर चालू व्हायला बघतो आणि बंद पडतो. लोक तेव्हा गॅस भरायला बोलावतात. गॅस पूर्ण असतो, फ्रिज कपाटातून ओढून बाहेर काढला की तासाभरात ठीक चालतो.

किमान जागा: दोन्ही बाजूंना ५०-५०, मागे ७५, डोक्यावर १००. कंपनीच्या पुस्तिकेत यापेक्षा जास्त लिहिलं असेल तर पुस्तिका खरी, माझा आकडा सोडून द्या. मागचे ७५ कॉम्प्रेसरच्या फुगवट्यापासून मोजा, वरच्या सपाट पाठीपासून नाही.

नुसती जागा सोडून मात्र भागत नाही. हवेला खालून आत यायला आणि वरून बाहेर जायला वाट पाहिजे. आत येणं तुमच्याकडे सोपं आहे: समोरून दार दिलं नाही तर बाजूच्या दोन फटी मिळून ५० गुणिले ८५० दोनदा, म्हणजे ८५० चौरस सेंटीमीटर उघडे. अडचण बाहेर जाण्याची. म्हणून फ्रिजच्या वरची फळी भिंतीपर्यंत नेऊ नका, मागे ७५ ची पूर्ण रुंदीची फट ठेवा, आणि तीच फट वर कपाटाच्या माथ्यापर्यंत उघडी न्या. चुलीच्या धुराड्यासारखं काम करते ती. उंची जितकी जास्त तितका ओढा जास्त.

कपाट छताला भिडवणाऱ्यांसाठी: मग वर जाळी लागेल. भिंतीत बसवायच्या फ्रिजच्या पुस्तिकांत येण्या-जाण्याला किमान २०० चौ. सेंमीची मोकळी वाट मागतात. जाळीच्या पात्यांत निम्मी जागा जाते, म्हणून ४५० लांब जाळी ५० उंच नाही, ९० उंच घ्या.

मागच्या पत्र्यावर एक स्टिकर असतो, तो फ्रिज आत सरकवण्याआधी मोबाईलमध्ये टिपून ठेवा. त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. 'एन' म्हणजे खोली ३२ डिग्रीपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८, 'टी' म्हणजे ४३. आपल्याकडे नागपुरात मेमध्ये बाहेर ४५ च्या वर जातं, कूलर बंद असलेल्या दुपारी बंद हॉलही चाळिशीला टेकतो. 'एन' किंवा 'एसटी' असेल तर माझे आकडे बाजूंना ७५ करा.

त्याच स्टिकरवर गॅस बघा. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, पेट घेणारा. लहान फ्रिजमध्ये साधारण २० ते ४० ग्रॅमच असतो, घाबरायचं काम नाही. पण फ्रिजच्या बाजूला कपाटाची क्लिप बसवायला कुणी एक जरी स्क्रू मारला तर नळी फुटते आणि फ्रिज भंगारात जातो. फ्रिजला काहीच ठोकायचं नाही, टेकू म्हणूनही नाही.

रंधा_पटाशी

वरच्या भाऊंनी गरमीचं सांगितलं, मी लाकडाचं सांगतो. त्यांचे आकडे धरून तुमच्या ११०० मध्ये बसेल असं काढलंय.

आधी आईंचा मुद्दा. फ्रिज फूटभर उचलला, वर १०५ हवा सोडली आणि फळी टाकली, तर मायक्रोवेव्हचा तळ १३०० च्या आसपास जातो, म्हणजे सव्वाचार फूट. पाच फुटी बाईला तो खांद्याच्या वर येतो. उकळतं वरण त्या उंचीवरून उतरवणं म्हणजे आज ना उद्या हातावर सांडणं. फ्रिज जमिनीवर ठेवला तर तोच तळ ९७३ वर येतो, जवळजवळ ओट्याच्या उंचीचा. तेव्हा दोघांपैकी एक निवडा: उचललेला फ्रिज, नाहीतर त्याच्या डोक्यावर मायक्रोवेव्ह. मी फ्रिज जमिनीवरच ठेवीन. खाली फळी नको, वजन फरशीवर जातं, थरथर कपाटात शिरत नाही, आणि झाडायला फ्रिज सरळ पुढे ओढता येतो.

खोलीचं गणित नीट बघा, मिस्त्री इथेच चुकतात. मागे ७५ आणि डबा ४६०, म्हणजे डब्याचा पुढचा काठ भिंतीपासून ५३५ वर. कपाटाच्या साईड ५३० खोल ठेवा. मग फ्रिजचं अख्खं दार कपाटाच्या बाहेर राहतं आणि मोकळं फिरतं. 'दार पण आत घेऊ, एका लेव्हलला दिसेल' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. दार काटकोनाच्या पुढे गेलंच नाही तर आतल्या जाळ्या आणि भाजीचा ट्रे बाहेर निघत नाही.

रुंदी: तीन उभे पाट १८ चे म्हणजे ५४, फ्रिजचा गाळा ५८०, किराण्याचा गाळा ४१६. एकूण १०५०. फ्रिज डावीकडे, किराणा कोपऱ्याकडे.

कटिंग, सगळं १८ एमएममध्ये:
उभे पाट २१०० × ५३०, तीन
किराणा गाळ्याचा तळ, माथा आणि मधली पक्की फळी ४१६ × ५२४, तीन
किराणा गाळ्याच्या सुट्या फळ्या ४१४ × ४७०, चार
मायक्रोवेव्हची फळी ५८० × ४५५, एक
वरच्या कप्प्याचा तळ आणि माथा ५८० × ४४९, दोन
त्यातली सुटी फळी ५७८ × ४२५, एक
किराण्याची दारं ४४० × १३५५ आणि ४४० × ६३५
वरच्या कप्प्याची दारं ३०० × ६३५, दोन
पायाची पट्टी ४१६ × १००, एक; मागच्या बांधाच्या पट्ट्या ५८० × ८०, दोन

आठ बाय चारच्या तीन शीटमध्ये हे बसतं, पण कापायचा क्रम ठरवून. पहिल्या शीटमधून दोन उभे पाट; उरलेल्या १५० च्या लांब पट्टीतून पाया आणि बांध, टोकाच्या ३४० च्या तुकड्यातून एक लहान दार. दुसऱ्यातून तिसरा पाट, शेजारच्या ६८० च्या पट्ट्यातून फ्रिजच्या गाळ्याच्या चारही फळ्या एकाखाली एक आणि ४४० × ६३५ चं दार. तिसऱ्यात उरलेलं सगळं. सुट्या फळ्या ४७० च ठेवल्यात त्याचं कारण हेच, ५०० केल्या तर चौथी बसत नाही आणि एका फळीपायी अख्खी शीट आणावी लागते. शिवाय पुढे ५० मोकळे राहिले की दाराच्या आतून मसाल्याच्या बाटल्यांची जाळी लावता येते.

मागचा प्लाय ६ एमएमचा, एक शीट पुरते. तो फक्त किराणा गाळ्याला आणि वरच्या बंद कप्प्याला. फ्रिजच्या मागे आणि मायक्रोवेव्हच्या मागे काहीही नाही, उघडी भिंत. बंद कप्प्याची पाठ भिंतीपासून ७५ पुढे येते, तेच धुराडं. कप्प्याचा माथाही तितकाच आखूड.

उंची फरशीपासून: फ्रिजवरच्या फळीची खालची बाजू ९५५, मायक्रोवेव्हचा गाळा ९७३ ते १४५३, कप्प्याचा तळ १४५३ ते १४७१, माथा २०८२ ते २१००. मायक्रोवेव्हच्या डोक्यावर २२० मोकळे राहतात, ते मुद्दाम. त्यालाही श्वास लागतो. १८ च्या प्लायला ५८० चा गाळा आणि ११ किलो हे काहीच नाही, खालून पट्टी मारू नका, हवा अडते. मात्र फळीच्या मागच्या काठावर २५ उंच रोक पट्टी मारा, नाहीतर पुसताना मायक्रोवेव्ह मागे सरकून धुराड्यावर बसतो, आणि चमचे फ्रिजमागे पडतात ते वेगळं.

आता मधला पाट. वरच्या कप्प्याचा तळ आणि किराणा गाळ्याची पक्की फळी एकाच उंचीवर येतात, माथेही तसेच. दोन्हीकडून स्क्रू मारता येत नाही, कारण पहिली फळी लावली की दुसरीची जागा झाकली जाते. म्हणून किराण्याच्या फळ्या आधी डावीकडून स्क्रूने ओढून घ्या, मग डावीकडच्या त्या दोन फळ्यांना मधल्या टोकाला मिनिफिक्स (फळीच्या आतून आवळायचा लपलेला जोड), प्रत्येकी दोन. हे आधी ठरवलं नाही तर मिस्त्री तिरके खिळे मारून मोकळा होतो आणि वर्षभरात सांधा उघडतो.

स्क्रू आठ नंबर, ५० लांब, प्रत्येक टोकाला तीन. आधी ३ एमएमचं भोक पाडूनच, प्लायच्या काठात सरळ मारला तर थर फाटतात. काळे जिप्समचे स्क्रू नकोत, त्यांची मान तुटते.

बिजागऱ्या नऊ: किराण्याच्या खालच्या दाराला तीन, बाकी तीन दारांना दोन-दोन. सात झिरो क्रँक (सरळ हाताच्या, दार पाटाचा अख्खा काठ झाकतं). मधल्या पाटावर दोन दारं अर्धी-अर्धी बसतात, म्हणून वरच्या कप्प्याच्या उजव्या दाराला दोन हाफ क्रँक. दुकानात 'ऑटो हिंजेस द्या' एवढंच म्हटलं तर नऊच्या नऊ झिरो मिळतील.

मनीषनगर_१बीएचके

इतकं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, दोघांचेही आभार. स्टिकर पाहिला: 'टी' आणि आर-६००ए. बाजू गरम लागतात. आई तयार झाली, फ्रिज खालीच राहील.

शंका चार. प्लाय एमआर (नुसती ओल सोसणारा) चालेल की मरीनच? कूलरच्या बाजूचा पाट फुगणार नाही ना? आणि फ्रिजचं दार उजवीकडे उघडतं म्हणजे किराण्याच्या दारावर आपटेल का? सॉकेट सध्या फ्रिजच्या बरोबर मागे, फरशीपासून ३०० वर आहे, ते राहू देऊ?

रंधा_पटाशी

प्लाय: आयएस ७१० या मानकाचा, म्हणजे ज्याला दुकानदार मरीन म्हणतात, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा). वरच्या भागाला खरं तर कमीचा चालला असता, पण तीन शीटमध्ये दोन जाती आणल्या की कुठला तुकडा कुठे गेला हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. तिन्ही ७१० घ्या. एमआर या जागी नको. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड तर अजिबात नको, पोछ्याच्या पाण्याने खालचा काठ पोळीसारखा फुगतो.

लकडगंजमध्ये दुकानं भरपूर, भाव चार ठिकाणी विचारा, पण शिक्का बघूनच गाडीत टाका. आयएसआयच्या चिन्हावर ७१० आणि खाली सीएम/एल नंबर असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की लायसन्स कुणाच्या नावाचं आणि चालू आहे का, दिसतं. नुसतं 'मरीन' असं छापलेलं असेल आणि ७१० नसेल तर ते फक्त नाव आहे. मानकात ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी आहे. घरी तेवढं नको, हातभर तुकडा चार तास उकळा, थर सुटले तर शीट परत.

कूलर: पाट फुगतो तो अंगातून नाही, कापलेल्या काठातून. डावा पाट खाली फरशीला टेकवू नका. ५ एमएमचे नायलॉन बुश चारी टोकांना, काठाला आधी वाळवीचं औषध (आपल्याकडची उधई बघता हे टाळू नका), ते सुकलं की सनमायकाची पट्टी, आणि शेवटी फरशीच्या फटीत सिलिकॉन. किराण्याचा तळ तर १०० वर आहेच. फरशीला भिंतीलगत स्कर्टिंग असेल, बहुधा दीड सूत ते अर्धा इंच बाहेर आलेली, तेवढी खाच पाटाच्या मागच्या कोपऱ्यात आधीच कापा. नंतर करवत चालवली तर सनमायका उडतो.

दोन्ही बाजूंना सनमायका हवाच. बाहेर १ एमएम, आत ०.८. एकाच बाजूला लावला की पाट कमान धरतो, दारात तर लगेच दिसतं. १ एमएमच्या दोन शीट, ०.८ च्या पाच, फेविकॉल ५ किलो धरा. उजवा पाट भिंतीकडे असला तरी त्याच्या बाहेरच्या अंगालाही ०.८ लावा, मिस्त्री नको म्हणेल.

दार आपटेल का: आपटेल, हँडल असेल तर. फ्रिजचं दार काटकोनापर्यंत आलं की किराण्याच्या दाराच्या डाव्या काठासमोर उभं राहतं, आणि तिथेच तुमचं हँडल येतं. बाहेर निघालेलं हँडल नकोच, दाराच्या काठावर जी-प्रोफाईल (बोटं अडकवायची खाच असलेली पट्टी) घ्या. आज रिकाम्या जागेत एक काम करा: फ्रिजपासून उजवीकडे ५२ वर फरशीवर चिकटपट्टी लावा, तो मधला पाट समजा. फ्रिजचं दार भाजीचा ट्रे निघेल इतकंच उघडा आणि दाराचा कोपरा पट्टीच्या किती पलीकडे गेला ते मोजा. ३० च्या आत असेल तर निवांत. जास्त असेल तर दाराच्या त्या जागी पारदर्शक रबरी बंपर चिकटवा.

फेज_न्यूट्रल

सॉकेट मागे ३०० वर ठेवू नका, हलवा. कारण दोन. एक, प्लग काढायला फ्रिज ओढावा लागेल, आणि पावसाळ्यात वीज कमीजास्त होत असताना तेच करावं लागतं. दोन, आयसोब्युटेन हवेपेक्षा जड, गळलाच तर खाली साचतो. ठिणगी पडणारी वस्तू तिथे नसलेली बरी.

मायक्रोवेव्हच्या गाळ्यातच, भिंतीवर ११०० ते १२०० उंचीला दोन वेगळे पॉइंट काढा: फ्रिजला ६ अँपियर, मायक्रोवेव्हला १६. दोघांना मिळून एक एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही. २० लिटरचा मायक्रोवेव्ह हजार-बाराशे वॅट ओढतो, सहाच्या सॉकेटवर सतत चालवला की पिना काळ्या पडतात. फ्रिजची वायर धुराड्यातून वर घ्यायची, पण गरम पत्र्यावर लोळू न देता मागच्या बांधपट्टीला क्लिपने.

स्टॅबिलायझर लावणार असाल तर तोही याच गाळ्यात उघड्यावर. बंद कप्प्यात डब्यांच्या मागे खुपसला की तो स्वतःच तापतो.

सिताबर्डी_७७

एवढा पसारा कशाला? मागे १२० एमएमचा कॉम्प्युटरचा पंखा लावा, मग अर्धा इंचही पुरतो आणि समोर दारही देता येतं. हॉलमध्ये फ्रिज उघडा बरा दिसत नाही.

गारगार_सर्व्हिसवाला

भाऊ, पंखा चालू आहे तोवर ठीक. त्यात सहा महिन्यांत धूळ भरली, किंवा त्याचा अॅडाप्टर गेला, तर कुणाला कळणार? दार बंद, फ्रिज आत, आवाज येत नाही. कळतं ते दूध फाटल्यावर. आणि अर्ध्या इंचात पंखा हवा ओढणार कुठून, बाजूच्या पत्र्यावरून तर ती फिरतच नाही, सोपी वाट धरून समोरून वर निघून जाते.

पंखा चालतो, पण जोड म्हणून. ज्यांची जागा खरंच कमी आहे, बाजूंना ३० च्या आसपास मिळते, त्यांनी लावावा. १२ व्होल्ट, १२० एमएम, सोबत १ अँपियरचा अॅडाप्टर. जागा धुराड्याच्या वरच्या टोकाला, तोंड वर, म्हणजे हवा बाहेर फेकेल. खाली लावून आत ढकलणारा पंखा फरशीची सगळी धूळ कॉम्प्रेसरवर नेऊन चिकटवतो. सतत चालायला नको असेल तर केएसडी-३०१ नावाचा बटणाएवढा थर्मोस्टॅट मिळतो, ४५ डिग्रीचा, 'नॉर्मली ओपन' असा मागून घ्या. पंख्याच्या वायरमध्ये तो जोडून फ्रिजच्या डोक्यामागे लावला की तापल्यावरच पंखा फिरतो. नॉर्मली क्लोज्ड आणलात तर उलटं होईल, थंड असताना फिरेल आणि गरम झाल्यावर बंद.

आणि थर्माकोल किंवा चंदेरी फॉइल लाकडाला चिकटवणारे पण आहेत. लाकूड वाचतं, फ्रिज नाही. गरमी कुठेच गेलेली नसते.

मनीषनगरवाल्या ताईंना पंख्याची गरज नाही. बसवल्यावर तपासायचं कसं ते मात्र सांगतो. साधा खोलीचा थर्मामीटर धुराड्यात, फ्रिजच्या माथ्याच्या उंचीवर लटकवा, दुसरा खोलीत. दुपारी तासभर फ्रिज चालू द्या. दोघांत पाच-सहा डिग्रीचा फरक असेल तर उत्तम. दहाच्या वर गेला तर हवा कुठेतरी अडली आहे, बहुतेक वेळा कपाटाच्या माथ्यावर कुणीतरी सुटकेस किंवा गाद्या ठेवून फट झाकलेली असते. ती फट झाकली जाऊ नये म्हणून माथ्याच्या मागच्या काठावर शंभरची उभी पट्टी मारून घ्या.

कपाट होईपर्यंत फ्रिज हलेल. आडवा करू नका. केलाच तर उभा करून चार तास थांबा, मग चालू करा. आत सरकवल्यावर पुढचे पाय एखादा आटा वर घ्या, फ्रिज किंचित मागे झुकला की दार आपोआप लागतं.

मनीषनगर_१बीएचके

चिकटपट्टी लावून पाहिलं, ट्रे निघायला दार पट्टीच्या २२ पलीकडे जातं, म्हणजे बसेल. सॉकेट हलवायचं ठरलं. मिस्त्रींना कटिंगची यादी दाखवली, ते म्हणाले हे कुणी काढून दिलं. फक्त एक विचारलं त्यांनी: भिंतीला पकडायचं की नुसतं उभं राहील? आणि किराण्याच्या गाळ्यात फ्रिजच्या बाजूला काय ठेवू नये?

रंधा_पटाशी

पकडायचंच. सात फूट उंच, ५३० खोल, दारं भरलेली, लहान मूल लोंबकळलं तर पुढे येतं. वरची बांधपट्टी २००० च्या उंचीला भिंतीला दोन ठिकाणी, ८ एमएमची गिट्टी (भोकात ठोकायची प्लास्टिकची खुंटी) आणि ६५ चा स्क्रू. ड्रिल मारताना कोणता भुसा येतो ते बघा. राखाडी, दाट: ती फ्लाय अॅशची वीट, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेमुळे इकडे ती भरपूर वापरतात, साधी गिट्टी धरते. पांढरा, पिठासारखा भुसा आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं: तो एएसी ब्लॉक (हवेच्या बुडबुड्यांचा हलका), त्यात साधी गिट्टी हाताने निघते. त्यासाठी लांब नायलॉनची, एएसीचीच म्हणून मागा. खालची बांधपट्टी फरशीलगत, भिंतीला चिकटून उभी; ती पाट समांतर ठेवायला आहे, तिला गिट्टी नको.

मधला पाट फार तर कोमट होईल, मध्ये ५२ ची हवा आहे. तरी गूळ, तूप, चॉकलेट १००० च्या वरच्या फळ्यांवर ठेवा. खाली तांदूळ, डाळी, भांडी.

आणि मिस्त्रींना एक सांगा, मी वर लिहायचं विसरलो. १०५० हे नुसत्या प्लायचं माप आहे. तीन पाटांना सनमायका चढला की जाडी वाढते, सहा बाजू मिळून पाच एमएम. फळ्या ५८० आणि ४१६ च कापायच्या, त्यांना हात लावू नका, पण खोका बाहेरून १०५५ होईल. तुमच्या ११०० मध्ये ४५ उरतात. त्यातले २५ उजवीकडे कोपऱ्यात सोडून तिथे पट्टी मारा, नाहीतर किराण्याचं दार भिंतीला घासेल. उरलेले २० खिडकीकडे तसेच मोकळे ठेवा, कूलरचं पाणी सांडलं तर तिथून पुसता येतं.